श्वास घेतला तरी चालेल

घरातल्या शेंडेफळाला एकदा धाकटी म्हणायला लागले की ती जन्मभर धाकटीच राहते. ही धाकटी आता साठीला टेकली होती, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, मुलगी लग्न होऊन परगावी संसार करत होती. पण थोरल्या बहिणीच्या लेखी ती अजून धाकटीच, आणि नवराही लहर आली की तिला त्याच नावाने हाक मारायचा. नोकरीत तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणत. ती नर्स नव्हती. हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढायची. पण पांढरा कोट घातलेल्या बाईला लोक दुसरं काही म्हणायला तयार नसत, आणि प्रत्येकाला समजावत बसली असती तर रांग रस्त्यापर्यंत गेली असती.

त्या तळघरातल्या खोलीत तिने तीसेक वर्षं काढली. टेबल इतकं गार की त्यावर झोपणारा प्रत्येक जण आधी ‘आई गं’ म्हणायचा आणि मग कुठे दुखतंय ते सांगायचा. धाकटीची वाक्यं ठरलेली होती. “दागिने काढून ठेवा. हनुवटी वर. हलू नका. श्वास रोखा.” एवढं बोलून ती भिंतीआड जायची, जाड काचेच्या खिडकीतून बघायची, बटण दाबायची आणि तिथूनच ओरडायची, “सोडा!” काही लोक इतके आज्ञाधारक असत की ती ‘सोडा’ म्हणायला विसरली तर ते निळे पडायला लागत.

तिथला दुसरा नियमही पक्का होता. “काय दिसतंय हो सिस्टर?” असं कुणीही विचारलं तरी उत्तर एकच, “रिपोर्ट डॉक्टर सांगतील.” तिला बहुतेक वेळा दिसायचं आणि समजायचंही. पण लोक तिच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा प्रयत्न करत, म्हणून तिने चेहराच असा करून टाकला होता की त्याच्यापेक्षा बंद दुकानाचं शटर बोलकं वाटावं.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यामुळे तिच्याकडे भरपूर वेळ आला आणि तो जाताना बघायची सोयही झाली. पहिले काही आठवडे तिने घरातली सगळी कपाटं आवरली. मग ती नवऱ्याची कपाटं आवरायला निघाली, तेव्हा मात्र त्याने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून तिच्यापुढे ठेवली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळचा वर्ग निघत होता: माहितीपट कसा करावा, प्राथमिक ओळख, वयाची अट नाही.

“जन्मभर लोकांच्या आतलं काढलंस,” तो म्हणाला. हा गृहस्थ शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता आणि बायकोला नवीन प्रदेशात पाठवण्यात त्याचा स्वार्थ उघड होता. “आता जरा बाहेरचं काढ.”

वर्गात बहुतेक मुलं विशी-बाविशीची होती. शिकवणारे सरही तिच्या मुलीपेक्षा लहानच. दाढी राखून त्यांनी थोडं वय मिळवलं होतं, पण ते बोलताना उत्साहाच्या भरात खर्ची पडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर काही न लिहिता सगळ्यांना अर्धं मिनिट गप्प बसवलं आणि त्या गप्प बसण्याचा आवाज यंत्रात घेतला. मग तो ऐकवला. पंख्याची घरघर, खाली कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी पोट.

“प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते,” सर म्हणाले. “जिथे शूटिंग कराल तिथली शांतता घेऊन या. नाहीतर एडिटिंगच्या वेळी रडाल.”

धाकटीला हे आवडलं. लोकांना गप्प बसवण्याचा तिला अनुभव होता.

पहिला गृहपाठ सोपा होता: एक माणूस, एक मिनिट. तिने वाचनालयाच्या रखवालदाराला त्याच्या स्टुलावर बसवलं, कॅमेरा तिकाठीवर घट्ट बसवला, चौकट नीट आखली. पुढच्या आठवड्यात वर्गात तो पडद्यावर आला. एरवी आल्यागेल्याशी हुज्जत घालणारा तो माणूस खांबासारखा ताठ, हनुवटी वर, डोळे बाहेर. हळूहळू त्याचा चेहरा लाल होत गेला.

सरांनी काळजीने विचारलं, “काकू, हे गृहस्थ बरे आहेत ना?”

“बरे आहेत. का?”

“तुम्ही त्यांना काय सांगितलं होतंत?”

धाकटीने आठवून बघितलं, तिचे कान गरम झाले आणि तिने एक्स-रेच्या खोलीतलं ‘श्वास रोखा’ सांगून टाकलं. वर्ग हसला, पण सर हसले नाहीत, निदान तोंडाने तरी. ते म्हणाले, “चौकट उत्तम आहे. आता आतल्या माणसाला श्वास घेऊ द्यायचा.”

मग आली शेवटची, मोठी फिल्म. दहा मिनिटांची. जी पूर्ण होईल ती वर्गाच्या शेवटी सगळ्यांना बोलावून दाखवायची. सरांची अट एकच, माणूस असा निवडा की ज्याच्याजवळ तुम्हाला थांबता येईल. धाकटीने ताई, म्हणजे थोरली बहीण, निवडली.

ताईचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. एक खुर्ची, तीन आरसे, एक बेसिन आणि ताईचं तोंड, एवढ्या भांडवलावर तिने सगळी गल्ली बांधून ठेवली होती. खुर्ची पायाने दाबून वर चढवायची. पण ती जुनी झाल्यामुळे केस कापता कापता आपली आपणच खाली यायची. गिऱ्हाईक आलं तेव्हा ताईच्या खांद्याएवढं असायचं, उठताना कमरेएवढं. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. ताई बोलत असायची, ते ऐकण्यात बायका बुडून जायच्या, आणि बुडत चाललो आहोत हेही त्यांना कळायचं नाही. आता मात्र ताईने दारावर कागद लावला होता की महिनाअखेर दुकान बंद होतंय.

“कंटाळा आला,” विचारेल त्याला ती सांगायची. ताईला कंटाळा येणं म्हणजे नदीला तहान लागण्यापैकी होतं, पण तिला उलट विचारायची कुणाची टाप नव्हती.

म्हणजे धाकटीच्या हातात एवढा महिनाच होता. पार्लर एकदा बंद झालं की आरसे उतरणार, खुर्ची भंगारात जाणार आणि फिल्मही राहणार.

ताईने परवानगी दिली ती उपकार केल्यासारखी. “काढ. पण पोट आलं नाही पाहिजे.”

“ताई, मी तुझ्या कामावर फिल्म करतेय.”

“कामावर कर की. पोटावर करू नकोस.”

पहिला दिवस मुलाखतीचा होता. धाकटीने ताईला खुर्चीत बसवलं आणि आधी कानातलं, गळ्यातलं काढून ठेवायला सांगितलं. ताईने काढलंही. मग एकदम तिच्या लक्षात आलं.

“अगं, का पण? माझी हाडं मोजणार आहेस का?”

कानातलं परत चढलं, पण मूड गेला. धाकटीचे प्रश्नही हॉस्पिटलमधल्या अर्जासारखे होते. कधीपासून काम करतेस? आवडतं का? त्रास होतो का? गल्लीत जिच्यासमोर रेडिओ लाजायचा ती ताई ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या पलीकडे गेली नाही. शेवटी खोलीची शांतता घ्यायची वेळ आली, तेव्हा मात्र तिला कंठ फुटला. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ती मध्येच बोलली. “झालं का?” “आता झालं का?” “अगं, नुसतं गप्प बसायला कॅमेरा कशाला लागतो?”

पुढच्या खेपांना धाकटीने ठरवलं की प्रश्नच विचारायचे नाहीत, काम चालू असताना घ्यायचं. पण तिथे आरशांनी घोडं अडवलं. कॅमेरा कुठेही लावला तरी तिन्ही आरशांपैकी एकात धाकटी दिसायचीच, कुठे कोपर, कुठे अंबाडा, कुठे आख्खी. तिने उपाय शोधला आणि तो तिला इतका सहज सुचला की आपण काही वेगळं करतोय असंही वाटलं नाही. चौकट लावायची, बटण दाबायचं आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन उभं राहायचं.

सरांनी ते शूटिंग बघितलं. एका तुकड्यात ताई चौकटीतून निघून गेली होती आणि बराच वेळ फक्त खुर्ची होती, जी अत्यंत सावकाश खाली येत होती.

“काकू, या वेळी तुम्ही कुठे होता?”

“बाहेर.”

“बाहेर का?”

धाकटीने भिंत शोधल्यासारखं मागे वळून बघितलं. सर सौम्यपणे म्हणाले, “यातून किरण बाहेर पडत नाहीत, काकू. तुम्ही आत थांबू शकता.”

तिला राग आला नाही. पण ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं तिच्याबरोबर घरापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा आतल्या खोलीत घोरत असताना, ती बाकीचे तुकडे बघायला बसली. एकात गिऱ्हाईक नव्हतं. बहीण बाहेर गेली म्हणजे कॅमेराही बंद असणार, असं ताईने गृहीत धरलेलं दिसत होतं. तिने दाराकडे एकदा बघितलं. मग कात्री उचलली आणि समोर काही नसताना हवेतच दोन-तीनदा चालवली. कात्रीचं टोक थरथरत होतं. ताईने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा कापून बघितलं, हवाच. मग कात्री ठेवली, हात पदराखाली घेतला आणि आरशात स्वतःकडे अशा नजरेने बघितलं की धाकटीने तुकडा तिथेच थांबवला.

मग मागे नेला. पुन्हा बघितला. तिसऱ्यांदाही बघितला. कंटाळा नव्हता आलेला ताईला.

नवरा डोळे चोळत बाहेर आला. “काय दिसतंय गं?”

“डॉक्टर सांगतील,” धाकटी म्हणाली. आणि आपण काय बोललो ते ऐकून तिने संगणकाचं झाकण लावून टाकलं.

सरांना तिने विचारलं ते अगदी आडवळणाने. समजा, एखाद्या बाईला माहीत नसताना काही घेतलं गेलं असेल आणि तेच सगळ्यात खरं असेल, तर? सरांची दाढी एकदम वयस्कर झाली. “तर आधी तिला दाखवायचं. ती ‘काढून टाक’ म्हणाली तर काढून टाकायचं. ती ‘चालती हो’ म्हणाली तर चालतं व्हायचं.”

“मग फिल्म?”

“मग फिल्म नाही.”

ताईचा स्वभाव धाकटीला पाठ होता. मोडलेली कपबशी दाखवली तरी महिनाभर अबोला धरणारी बाई ती. हे दाखवलं तर दुकानाबरोबर धाकटीला घराचं दारही बंद होणार. न दाखवता फिल्म करता आली असती, गोड निरोपाची, गिऱ्हाइकांच्या मिठ्यांची. वर्गाने टाळ्याही वाजवल्या असत्या. आणि ताईने तो हात पदराखाली घेऊन उरलेलं आयुष्य कंटाळ्यात काढलं असतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पार्लरमधली शेवटची बाई डोळे पुसत बाहेर पडली. आरशांपुढच्या बाटल्या खोक्यात गेल्या होत्या. “घे बाई, काय घ्यायचं ते घे,” ताई म्हणाली आणि केस झाडायला लागली. धाकटीने तिकाठी लावली, चौकट आखली, बटण दाबलं. सवयीने पाय दाराकडे वळले, दोन पावलं गेलीसुद्धा. मग ती उंबऱ्याजवळ थांबली आणि परत आली. तिन्ही आरशांत तिघी धाकट्या परत आल्या.

“ताई, कॅमेरा चालू आहे.”

“माहीत आहे.”

“त्या दिवशीही चालू होता. तू एकटी होतीस तेव्हा. मी बाहेर पायरीवर होते.”

ताईचा झाडू थांबला. धाकटीने पिशवीतून फोन काढला, त्यात तो तुकडा घेतलेला होता, आणि तिच्या हातात दिला. ताईने तो शेवटपर्यंत बघितला. फोन परत देताना तिचा चेहरा असा होता की धाकटीला वाटलं, झालं, आता तिकाठी रस्त्यावर जाणार.

“चोरटी,” ताई म्हणाली. “लहानपणापासून चोरटी. दाराआडून बघायचं आणि मूग गिळून बसायचं.”

“आता बोलतेय ना.”

“मोठी आली बोलणारी. बस.”

“कुठे?”

“खुर्चीत बस, दुसरीकडे कुठे? किती वाढलेत बघ केस. त्या वर्गात अशीच जातेस? लाज नाही वाटत?”

धाकटीच्या गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, मागे गाठ बसली आणि भिंतीआड जायचे सगळे मार्ग बंद झाले. ताईने पायाने खुर्ची वर चढवली, केस ओले केले, कात्री उचलली. हात थरथरला. कापडाच्या आत धाकटीने दोन्ही मुठी आवळल्या, पण मान हलवली नाही.

हात कामाला लागला तशी ताईची जीभ सुटली. “मागच्या थंडीत सुरू झालं. आधी वाटलं, चहा जास्त होतोय. चहा सोडला. तुला माहीत आहे मला चहा सोडणं म्हणजे काय ते! चहा गेला, हात तसाच. मग त्या कोपऱ्यावरच्या मुलीची कपाळावरची झुलपं कापत होते. सहा वर्षांची पोर, माझ्यावर विश्वास टाकून डोळे घट्ट मिटून बसलेली. कात्री कपाळाला लागली. इतकुसं. पोर रडलीही नाही. मीच आत जाऊन रडले.” कच्. “डोकं वर कर. खाली बघू नकोस.”

“मी खाली बघत नाहीये. खुर्ची खाली चाललीये.”

आरशात आणि कॅमेऱ्यात आता धाकटीच्या फक्त भुवया उरल्या होत्या. ताईने पायाने फटाफट दाबून तिला पुन्हा जगात आणली.

“डॉक्टरकडे गेलीस?”

“गेले आणि त्याने मला वाटतंय तेच सांगितलं तर?”

तीसेक वर्षांत हा प्रश्न धाकटीने त्या गार टेबलावर कितीतरी वेळा ऐकला होता आणि दर वेळी भिंतीआड गेली होती. आता ती म्हणाली, “मी डॉक्टर नाही, ताई. मला काही सांगता येणार नाही. पण हात थरथरायला सतरा कारणं असतात आणि त्यातली सगळी वाईट नसतात, एवढं मी बघितलंय. दाखवल्याशिवाय कळणार नाही. परवा जाऊ.”

“तू येणार, आणि दाराबाहेर उभी राहणार.”

“आत येईन.”

“बघू.” कच्, कच्. ताईने बराच वेळ डाव्या बाजूला काम केलं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. आणि प्रत्येक वेळी एक बाजू दुसरीपेक्षा आखूड होत गेली. शेवटी तिने कात्री ठेवली. “झालं. आता आणखी कापलं तर काही उरायचं नाही.”

“आता अर्धं मिनिट गप्प बसायचं,” धाकटी म्हणाली. “खोलीची शांतता घ्यायचीये. आज नाही घेतली तर पुन्हा मिळायची नाही.”

आणि ताई चक्क गप्प बसली. खुर्चीमागे उभी, दोन्ही हात बहिणीच्या खांद्यांवर, एक हात स्थिर आणि एक हलता. बेसिनचा नळ ठिबकत होता. बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. खुर्ची एक बारीक उसासा टाकून खाली यायला लागली. धाकटीने आरशात बघितलं तर ताईचे गाल फुगलेले, डोळे बाहेर.

“ताई,” ती म्हणाली, “श्वास घेतला तरी चालेल.”

डॉक्टरकडे धाकटी आत गेली. आत एकच खुर्ची होती, तीवर ताई बसली. धाकटी शेजारी उभी राहिली आणि ताईच्या वतीने जरा जास्तच प्रश्न विचारून तिने डॉक्टरांना वैताग आणला. बऱ्याच तपासण्यांनंतर त्यांनी सांगितलं की ताईला ज्याची धास्ती होती ते हे नव्हे. कंप राहील, पूर्ण जाणार नाही. गोळीने बराच आवरेल. आणि चहा, त्यांनी जाता जाता सांगितलं, बेताने घ्यायला हरकत नाही. ताईला सगळ्यात आधी तेवढंच ऐकू आलं. दारावरचा कागद तिने लगेच काढला नाही, कारण मग गल्लीला कारण सांगावं लागलं असतं. एके दिवशी तो वाऱ्याने गेला असं ती म्हणते.

फिल्म वर्गाच्या शेवटी दाखवली गेली. त्या आधी धाकटीने ती ताईला एकटीला दाखवली होती आणि हवेतल्या कात्रीचा तुकडा आला तेव्हा विचारलं होतं, “काढू?”

“राहू दे,” ताई म्हणाली होती. “पण त्याच्यानंतर पोट दिसतंय ते काढ.”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पडदे ओढले गेले. पोरं, त्यांचे आईवडील, नवरा पहिल्या रांगेत, रखवालदार दारात. पडद्यावर खुर्ची खाली गेली तेव्हा सगळे हसले, चहा सोडल्यावर हसले, पोरीच्या कपाळाशी गप्प झाले. शेवटी ती अर्ध्या मिनिटाची शांतता आली आणि खोलीतही कुणी हललं नाही. दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग, एकामागून एक, सगळ्यांची नजर धाकटीच्या डोक्याकडे वळली. डावी बाजू कानाच्या वर, उजवी कानाच्या खाली. अजून वाढून सारखी झाली नव्हती.

सर पुढे आले. “काकू, दुसऱ्या सत्राला याल ना?”

तिने उत्तर द्यायच्या आत तिच्या मागच्या रांगेतून आवाज आला, तोच, गल्ली बांधून ठेवणारा.

“येईल, पण अशी नाही येणार. धाकटे, उद्या सकाळी ये. गोळी घेतली की हात चांगला असतो. सरळ करून देते.”